बेसूर बाईचा कीबोर्ड

मी कीबोर्ड घ्यायचं ठरवलं त्याचं खरं कारण बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीच्या नावावर खपवलं होतं. "तिला शिकायचंय" म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. खरं कारण असं की मी बेसूर होते, आणि ज्याच्यात सूर आधीच भरून ठेवलेला असतो असं वाद्य मला हवं होतं. पट्टी दाबली की बरोबर सूर बाहेर. त्यात ना आपला गळा लागत, ना अक्कल.

बेसूर असल्याचं प्रमाणपत्र मला चौथीत मिळालं. माझं लहानपण शहाडला गेलं, शाळा कल्याणला. गॅदरिंगला आमच्या वर्गाचं समूहगीत होतं आणि मी बुटकी म्हणून पहिल्या रांगेत. तालमीच्या तिसऱ्या दिवशी गाण्याच्या बाईंनी एकेकीच्या तोंडाजवळ कान आणला. माझ्यापाशी जरा जास्तच वेळ थांबल्या आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "तू असं कर हं बाळ, नुसते ओठ हलव." मी हलवले. इतके झकास हलवले की कार्यक्रम संपल्यावर आई म्हणाली, सगळ्यांत तुझाच आवाज खणखणीत येत होता. तेव्हापासून मी आरतीतसुद्धा ओठच हलवत आले. टाळ्या मात्र हात लाल होईपर्यंत वाजवायचे.

आणि लग्न होऊन पडले ती नेमकी पेटीवाल्या घरात. डोंबिवलीला पूर्वेला आमची जागा, तिथली बाहेरची खोली दर गुरुवारी संध्याकाळी सासऱ्यांच्या भजनी मंडळाची. सासरे रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आणि पेटी वाजवणारे. मोठे वादक वगैरे नव्हते, पण आसपासच्या चार इमारतींत त्यांच्या पेटीशिवाय सत्यनारायण पुरा व्हायचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला हौसेनं समोर बसवलं आणि म्हणाले, "म्हण एखादा अभंग." मी घाबरत दोन ओळी म्हटल्या. सासरे पेटीवर माझा सूर शोधू लागले. काळी एक झाली, पांढरी दोन झाली, काळी दोन झाली. मी कुठल्याच पट्टीत सापडेना. शेवटी त्यांनी भाता मिटला आणि म्हणाले, "चहा टाक बरं जरा." त्यानंतर बारा वर्षं दर गुरुवारी मी चहा टाकत होते.

ते मला कधी टाकून बोलले नाहीत, हसले नाहीत. पण पुन्हा कधी "म्हण" असंही म्हणाले नाहीत. एखाद्याला मोडीत काढायला एवढं पुरतं. आतून भजन ऐकू यायचं, पाय आपोआप ताल धरायचा, आणि मी कपबशा विसळत उगाच त्या आदळायचे. स्वभावच तसा माझा. दुखलं की मला रडू येत नाही, राग येतो.

मग नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला, ठाण्याच्या कचेरीतल्या मैत्रिणीकडे कळव्याला हळदीकुंकवाला गेले होते. तिच्या मुलाचा कीबोर्ड कॉटवर पडला होता. बायका वाण बघत होत्या तेवढ्यात मी एक पट्टी दाबली. सूर आला. पुन्हा दाबली, पुन्हा तोच. मी दहा वेळा दाबून पाहिली, दहाही वेळा तस्साच. माझ्या हातून दहा वेळा ओळीनं बरोबर सूर! मला इतका आनंद झाला की ओटी भरायला मला दोनदा हाक मारावी लागली.

घरी विषय काढला तर हे म्हणाले, "घरात पेटी आहे की. तीच वाजव." यांचं लॉजिक नेहमी बरोबरच असतं, तेच तर दुखणं. सासऱ्यांची पेटी वाजवायची म्हणजे सासऱ्यांच्या कानांदेखत वाजवायची. त्यापेक्षा कीबोर्डला मागे एक भोक असतं. त्यात हेडफोनची वायर घातली की आवाज फक्त आपल्या कानात, बाकी घर शांत. मैत्रिणीच्या मुलानंच दाखवलं मला. लोक कीबोर्ड घेताना काय काय बघत असतील ते बघोत, माझी पहिली अट ते भोक.

लेकीला बरोबर घेऊन पहिलं दुकान बघितलं ते कल्याणचं. दुकानदारानं विचारलं, "मुलीसाठी? किती वर्षांची?" मी म्हटलं, दहा. त्यानं लगेच एक छोटंसं देखणं खोकं काढलं. त्यात शंभर आवाज होते. बासरी, सतार, कुत्रा, आगगाडी आणि कशाला कोण जाणे, काच फुटल्याचा आवाज. त्यानं एक बटण दाबलं, तर आतून अख्खं गाणंच वाजायला लागलं आणि तो वरून नुसती बोटं फिरवत राहिला. त्याचं कसब मला चांगलंच ओळखीचं वाटलं. मी वाजवायला गेले तर पट्ट्या एवढ्या अरुंद, की एका बोटाखाली दोन दोन दबाव्यात. "मुलांच्या बोटांना बरोबर बसतं, ताई," तो म्हणाला. आता माझी बोटं दहा वर्षांच्या मुलीची नाहीत हे त्याला कसं सांगणार? जवळजवळ घेऊनच टाकणार होते. केवळ ते मागचं भोक सापडलं नाही म्हणून वाचले.

रात्री जेवताना लेकीनं सगळं सांगून टाकलं. कुत्र्याच्या आवाजावर तिचा जीव जडला होता. सासरे भाताचा घास हातात धरून थांबले. "वाद्य घ्यायचं तर बघून घेतात. वांगी आहेत का ती, चार उचलली नि पिशवीत टाकली? शनिवारी मी येतो." ज्यांच्यापासून लपवायला कीबोर्ड घ्यायचा, तेच निवडायला येणार!

तर अशा रीतीनं महिन्यातल्या सुट्टीच्या दुसऱ्या शनिवारी दुपारच्या रिकाम्या गाडीनं मी आणि सासरे ठाण्याला गेलो. दुकान स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर. सासऱ्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. आत वाद्यं आहेत, मग चपला कशा घालून जायचं? दुकानदार मध्यमवयाचा, बडबड्या माणूस. त्यानं ते पाहिलं आणि एकदम वाकून "या काका, बसा" म्हणाला. मलाही मग काढाव्याच लागल्या.

दोन कीबोर्ड निवडून त्यानं समोर ठेवले. एक चकचकीत, बटणांनी भरलेला. त्यात तबला होता, ढोलक होता, पाश्चात्त्य ताल होते. दुसरा साधा, जड, बटणं मोजकी. पण पट्ट्या रुंद, खऱ्या पियानोच्या मापाच्या, आणि हलकं दाबलं तर हलका आवाज, जोरात दाबलं तर मोठा. "याला टच म्हणतात, काका. नवीन शिकणाऱ्यानं यावरच शिकावं," दुकानदार म्हणाला.

"खाली ठेवा," सासरे म्हणाले. स्टुलावर पाय सोडून बसून वाजवणं त्यांना मान्य नव्हतं. दुकानदारानं बिचाऱ्यानं सतरंजी अंथरली, दोन्ही कीबोर्ड शेजारी शेजारी मांडले. सासरे मांडी घालून साध्या कीबोर्डपुढे बसले, नमस्कार केला आणि भजन सुरू केलं. उजवा हात सुरेख चालला होता. डावा मात्र सवयीनं मागे गेला आणि भाता शोधू लागला. चाळीस वर्षं ज्या हातानं पेटीला हवा दिली तो हात स्वस्थ कसा बसणार? मागच्या भोकांतून, बटणांतून बोटं फिरत होती, कडेला पकडून ओढत होती, आणि दर ओळीला कीबोर्ड इंचभर त्यांच्या मांडीकडे सरकत होता. ध्रुपद दुसऱ्यांदा येईतो तो त्यांच्या पोटाला टेकला. दुकानदार तोंडावर रुमाल धरून उभा. मी तर उघड हसत होते. शेवटी सासऱ्यांनाच ते कळलं आणि तेही हसत सुटले.

"याला श्वास नाही," त्यांनी निकाल दिला. पण उठेनात. एक पट्टी हळूच दाबून बघितली, मग जोरात, मग पुन्हा हळू. पेटीत आवाज लहानमोठा करायचा तो भात्यानं. इथं ते काम बोटांनीच होत होतं. "हे बरंय," ते पुटपुटले. एवढ्यात दुकानदारानं उत्साहानं कीबोर्डची पायाखाली ठेवायची पट्टी आणली. पायानं ती दाबली की सूर लांबत राहतो. झालं! सासरे ताडकन उठले.

"वाद्याला पाय लावायचा?"

"अहो बाबा, नाटकवाले पायपेटी नव्हते का वाजवत?" मी म्हटलं.

"ते नाटकवाले," सासरे म्हणाले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. दुकानदारानं मागवलेला चहा आला होता. तो बशीत ओतून, आमच्याकडे पाठ करून ते पीत बसले.

"ताई, आता तुम्ही बघा वाजवून," दुकानदार म्हणाला.

आता आली का पंचाईत. मला काय येत होतं? मला फक्त एक पट्टी दाबता येत होती. मी सतरंजीवर बसले आणि चकचकीत कीबोर्डवर सा दाबला, कळव्याला दाबला होता तसाच. मग साध्यावर तोच सा. काहीतरी खटकलं. पुन्हा दाबून पाहिलं. साध्याचा सा जरासा वर होता. अगदी जरासा, चौकटीत दार घासतं ना, तेवढाच. पण होता.

"हे दोन सारखे नाहीत," मी म्हटलं. "हा वर आहे."

"ताई, डिजिटल आहे हे," दुकानदार समजुतीच्या स्वरात म्हणाला. "कंपनीतूनच सूर लावून येतो. पेटीसारखं उतरणं-चढणं याला नाहीच."

कोपऱ्यातून पाठमोरा आवाज आला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. बारा वर्षांचा सगळा राग एकदम वर आला असावा. बेसूर तर बेसूर, पण हे मला ऐकू येत होतं! मी जोरजोरात पट्ट्या दाबायला लागले. हा ऐका. आता हा ऐका. दुकानदारानं खाली वाकून ऐकलं. "सेमच आहे हो. आवाजाची जात वेगळी आहे म्हणून तुम्हाला वाटतंय." मी म्हटलं, मग दोन्हींवर एकच जात लावा, ऑर्गन लावा. त्यानं लावली. मी दाबलं. "सेम," तो म्हणाला. "नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, जिन्यावरून वर येणारं एक गिऱ्हाईक दारातच थांबलं. मनातून मी घाबरलेच होते. हे जर खोटं निघालं तर मी पुन्हा कधी कसल्याच सुराचं नाव काढणार नव्हते, कीबोर्डही नको नि काही नको, हे तिथंच ठरवून टाकलं.

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली आणि सतरंजीवर येऊन बसले.

"दाब," ते म्हणाले आणि डोळे मिटले. मी एक दाबला, मग दुसरा. "पुन्हा." पुन्हा दाबले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. "आता दोन्ही एकदम दाब आणि धरून ठेव."

मी दोन्ही पट्ट्या धरून ठेवल्या. आणि आवाज थरथरायला लागला. दोन सूर एकमेकांना घासत होते, वर खाली, वर खाली. आता ते दुकानदारालाही ऐकू आलं, दारातल्या गिऱ्हाइकालाही.

सासऱ्यांनी डोळे उघडले. "चढा आहे," ते म्हणाले. "किंचित आहे. पण आहे."

दुकानदार गडबडून गेला. त्यानं साधा कीबोर्ड उलटसुलट केला, मागं बघितलं. मागे, वायरींच्या भोकांशेजारी, एक बारीक चक्री होती. सूर जुळवायचीच चक्री. त्यालाही तिचा विसर पडला असावा. ती मधल्या खुणेवरून सरकलेली होती. "हे कुणी फिरवलं?" तो म्हणाला. "सकाळी मीच पुसून ठेवला होता."

मग सासऱ्यांनी सावकाश आपला डावा हात वर केला, बोटं चाचपून बघितली आणि म्हणाले, "भाता शोधत होतो हो मी." आणि असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. दुकानदार हसला, गिऱ्हाईक हसलं. मी मात्र हसले नाही.

दुकानदार चक्री मधल्या खुणेवर आणायला गेला तर सासऱ्यांनी त्याला अडवलं. "खुणेकडं बघू नका. हळूहळू फिरवा. ही सांगेल कुठं थांबायचं." आणि मला म्हणाले, "तू दोन्ही धरून ठेव."

मी धरून ठेवलं. चक्री फिरू लागली. थरथर मंद झाली, लांब लांब झाली, मग एका क्षणी दोन्ही सूर एकमेकांत विरघळून गेले आणि एकच उरला. मी म्हटलं, "थांबा." त्यानं बघितलं. चक्री बरोबर खुणेवर होती.

आता मात्र मला रडू आलं. राग वगैरे काही नाही, सरळ रडू. भर दुकानात, अनोळखी माणसांसमोर, पस्तिशीतली बाई सतरंजीवर बसून पदरानं डोळे पुसतेय! आणि तरी इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. सूर माझ्या आत होता. गळ्यापर्यंत पोचत नव्हता, एवढंच.

दुकानदारानं भांबावून विषय बदलला. "मग ताई, कुठला देऊ? मुलीला तबलावाला आवडेल."

"मुलीसाठी नाही," मी म्हटलं. "मला शिकायचंय. साधा द्या, पट्ट्या चांगल्या आहेत. तबला दर गुरुवारी घरी येतोच."

म्हणून टाकलं आणि सासऱ्यांकडे बघितलंच नाही. ते चष्मा पुसत म्हणाले, "मला ठाऊक होतं. दहा वर्षांच्या पोरीसाठी कुणी हेडफोनचं भोक तपासत नाही." आल्या आल्या मी तेच विचारलं होतं दुकानदाराला, त्यांनी ऐकलं होतं तर! मग दुकानदाराकडे वळून ते म्हणाले, "आणि ती पायाची पट्टीही बांधा सोबत. घरी मी नसेन तेव्हा वाजवेल."

खोकं लांबच लांब. परतीच्या गाडीत आम्ही ते समोरासमोरच्या दोन बाकांवर आडवं ठेवलं आणि खिडकीशी बसलो. खाडी गेली, कळवा गेलं. सासरे बाहेर बघत होते. बोगद्याच्या जरा अलीकडे एकदम म्हणाले, "कान आणि गळा वेगळे असतात गं. गळा शिकवावा लागतो. तुला कुणी शिकवलं नाही." जरा वेळानं म्हणाले, "मला शिकवता आला असता. दोन ओळींत मी तुझं माप काढलं. चुकलं माझं."

मी म्हटलं, "असू द्या हो बाबा," पण मला ते ऐकायचं होतं. बारा वर्षं ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर बोगद्यातसुद्धा मला उजेड दिसत होता, एवढी मी खूश.

रविवारी पाटावर कीबोर्ड ठेवून हळदकुंकू वाहिलं. सासऱ्यांनी मला पहिला सा दाबायला लावला आणि म्हणाले, "आता तोंडानं लाव." मी लावला. खाली गेला. आपला खाली गेलाय हे मला लगेच कळलं, आणि मी तो वर ओढला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तो टेकला. लेक टाळ्या वाजवत होती, हे दारात दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून उभे. हेडफोन खोक्यातून बाहेर काढायचं कुणाला सुचलंच नाही.

मग गुरुवार आला. मंडळी जमली, सगळी पुरुषमाणसं, सगळी माझ्या ओळखीची. तबलजी दिवा गावाहून यायचे, वीस वर्षं तबला वाजवत होते. त्यांनी हातोडीनं तबल्याच्या कडेवर ठोकून सूर लावायला घेतला. सासरे पेटीवर सूर धरून बसले होते. नेहमीसारखं "लागला" म्हणायच्या ऐवजी त्यांनी मान वळवून मला हाक मारली, "अगं, इकडे ये जरा."

मी हात पुसत बाहेर आले.

"ऐक. लागलाय का?"

मला वाटलं पळून जावं. तबलजींनी थाप मारली. पेटीचा सूर एकीकडे, तबल्याचा दुसरीकडे. मी डोळे मिटले. पुन्हा थाप पडली. मध्ये एक बारीकशी फट होती.

"उतरलाय थोडा," मी म्हटलं.

तबलजींनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी पेटीवरचं बोट तसंच ठेवलं आणि मानेनं माझ्याकडे खूण केली. तबलजींनी हातोडी उचलली, तबला माझ्या बाजूला वळवून घेतला आणि विचारलं, "किती, वहिनी?"